दुसऱ्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी उठायचं की बसून राहायचं?

माझं माहेर नगरचं, सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया नावाचं प्रोटेस्टंट चर्च, तिथे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि प्याला घ्यायचा विधी, पांढऱ्या कापडाखाली झाकलेलं तबक वगैरे. सासर वसईचं, कॅथलिक, तिथे रोज मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, आणि प्रभुभोजनाला तिथे ख्रिस्तप्रसाद किंवा कम्युनियन म्हणतात. तर भाच्याचा पहिला ख्रिस्तप्रसाद होता तेव्हा माझी आई खास नगरहून आली, नवीन साडी, केसात गजरा, आणि मिस्सेत सगळे उठले तशी तीही उठून रांगेत उभी राहिली. चाळीस वर्षं महिला मंडळात घालवलेली बाई, तिला कसं कळणार की इथे तिला चालत नाही. ओंजळ धरून पुढे निघालेली, आणि फादरांपासून चार माणसं राहिली असताना जाऊबाईंनी मागून हळूच पदर ओढला आणि कानात म्हणाल्या, आई, तुम्हाला नाही चालत इथे. आई वळली आणि सगळी रांग समोरून येत असताना एकटी उलटी चालत जागेवर आली. जेवताना काही बोलली नाही, गाडीत बसल्यावर म्हणाली, मी काय ख्रिस्ती नाही का गं?

जाऊबाईंची चूक नव्हती, फादरांची तर अजिबातच नाही, चूक माझी होती, मी आदल्या दिवशी एक वाक्य बोलायला पाहिजे होतं. त्यानंतर या विषयावर मी इतक्या फादर आणि पाळक लोकांना छळलंय की आता ओळखीचे लोक लग्नाबिग्नाच्या आधी मलाच फोन करतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिली गोष्ट, प्रश्न एक नसतो, दोन असतात. ते मला देतील का, आणि माझं चर्च मला तिथे घ्यायला परवानगी देतं का. लोक फक्त पहिला विचारतात. माझा नवरा नगरला येतो तेव्हा आमचे पाळक सांगतात की कुठल्याही मंडळीत प्रभुभोजन घेणाऱ्या बाप्तिस्मा झालेल्या सगळ्यांनी या, म्हणजे आमच्या बाजूने त्याला दार उघडं आहे, तरी तो बसून राहतो, कारण त्याच्या चर्चचा नियम त्याला प्रोटेस्टंट मेजावर, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या प्रभुभोजनात, घेऊ देत नाही. सुरुवातीला माझ्या मामाला वाटायचं जावई भाव खातोय. भाव नाही हो, नियम आहे. अजून एक मजा बघा, ऑर्थोडॉक्स चर्चचं, म्हणजे पोपच्या अधिकाराखाली नसलेल्या पूर्वेकडच्या जुन्या चर्चचं, कम्युनियन कॅथलिकांच्या लेखी पूर्ण खरं, गरज पडली आणि आपला फादर मिळण्यासारखा नसला तर कॅथलिक माणसाने तिथे मागायला रोमची हरकत नाही, पण ऑर्थोडॉक्स चर्च त्याला देणार नाही. म्हणजे इकडून हो आणि तिकडून नाही.

दुसरी गोष्ट, हे असं का, ते थोडं समजून घ्या, कारण ते कळलं की अपमान वाटायचा निम्मा कमी होतो. आपल्याकडे प्रोटेस्टंट घरात वाढलेल्याला वाटतं की प्रभुभोजन म्हणजे मी आणि प्रभू यांच्यातली गोष्ट, मध्ये तुम्ही कोण. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स लोकांसाठी ते तेवढंच नाही. तिथे तुम्ही पुढे जाऊन आमेन म्हणता तेव्हा या भाकरीबद्दल, या बिशपांबद्दल, या सगळ्या चर्चच्या शिकवणुकीबद्दल मी तुमच्यातलाच आहे असं म्हणत असता. जे मनात नाही ते तोंडाने म्हणायला लावू नये, असा त्यांचा मुद्दा. कट्टर ल्युथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट लोकांचा मुद्दा थोडा वेगळा, बायबलमध्ये पौलाने करिंथकरांना लिहिलंय ना की अयोग्य प्रकारे खाल तर स्वतःवर दंड ओढवून घ्याल, तर पाळकाला ज्या माणसाची माहितीच नाही त्याला देणं म्हणजे त्याचंच नुकसान करणं. अमेरिकेत तर १८७५ मध्ये गेल्सबर्गला त्यांनी नियमच केला की ल्युथरन वेदी ल्युथरनांसाठीच. आणि कडक बाप्तिस्ट लोकांचं म्हणणं अगदी सरळ, आधी बाप्तिस्मा मग मेज, आणि तान्हेपणी कपाळावर पाणी शिंपडलं तो त्यांच्या हिशोबात बाप्तिस्माच नाही, म्हणजे तुम्ही बिशप असलात तरी त्यांच्या लेखी अजून बाप्तिस्मा न झालेलेच! त्यांच्या स्वतःच्यातच यावर १६७० च्या दशकात जॉन बनियन आणि विल्यम किफिन यांची जुंपली होती, बनियन म्हणे पाण्यावरून भावाला मेजापासून तोडू नका, किफिन म्हणे क्रम म्हणजे क्रम.

आणि हे काही नंतरच्या लोकांनी काढलेलं खूळ नाही. इसवी सन १५५ च्या आसपास जस्टिन नावाच्या माणसाने रोमच्या बादशहाला आपल्या लोकांचा बचाव लिहून पाठवला त्यात स्पष्ट आहे की जो विश्वास धरतो, ज्याचा बाप्तिस्मा झालाय आणि जो ख्रिस्ताने सांगितल्यासारखं वागतो त्यालाच हे अन्न. ऑर्थोडॉक्स उपासनेत आजही मध्येच दारं, दारं असं पुकारतात, ती बाप्तिस्मा न झालेल्यांना बाहेर पाठवून दारं राखायची तेव्हाची आठवण. माझा सगळ्यात आवडता प्रकार स्कॉटलंडचा. तिथे प्रभुभोजनाच्या आधी वडीलजन, म्हणजे मंडळीतले पुढारी, घरोघर जाऊन चौकशी करायचे, प्रश्न विचारायचे, आणि पसंत पडलात तर शिशाचा एक छोटा बिल्ला द्यायचे, त्यावर गावच्या चर्चची अक्षरं, कधी साल. तो बिल्ला दाखवा तरच मेजावर जागा. बिल्ला नाही मिळाला तर अख्ख्या गावाला कळलं. मला नेहमी वाटतं आमच्या नगरच्या काही वडीलजनांना हे माहीत नाही तेच बरं.

आता कुठे काय, ते बघू.

कॅथलिक चर्च, मग ते वसईचं असो, गोव्याचं असो की बांद्र्याचं, नियम एकच. त्यांच्या कायद्याचं कलम ८४४ आहे, त्यात साधारण नियम कॅथलिकांना कॅथलिकांकडूनच. प्रोटेस्टंट माणसाला अपवाद फक्त जीव धोक्यात असेल किंवा तशीच गंभीर गरज असेल तेव्हा, तेही आपला पाळक गाठता येत नसेल, स्वतःहून मागितलं असेल, या संस्काराबद्दल कॅथलिकांसारखाच विश्वास असेल आणि मनाची तयारी असेल तर. भाच्याचा कार्यक्रम, लग्न, मयत, ही गंभीर गरज धरत नाहीत. मिक्स्ड मॅरेजवाल्या जोडप्यांसाठीही रोमच्या १९९३ च्या मार्गदर्शिकेत ते अपवाद म्हणूनच आहे. २०१८ मध्ये जर्मनीच्या बिशपांनी अशा जोडप्यांसाठी थोडी वाट मोकळी करायचा प्रयत्न केला तर केवढा गदारोळ झाला, शेवटी ते पत्रक फक्त दिशादर्शक म्हणून निघालं. त्याआधी २०१५ मध्ये रोममधल्या ल्युथरन चर्चमध्ये एका बाईने पोप फ्रान्सिस यांना हेच विचारलं होतं, माझा नवरा कॅथलिक, आम्ही एकत्र कधी घेणार, आणि त्यांनी नियम बदलला नाही पण प्रभूशी बोला आणि पुढे चला असं काहीसं म्हणाले. या वाक्याचा अर्थ आमच्या घरात अजून लागतोय, नवरा एक लावतो, मी एक.

मल्याळी चर्चच्या बाबतीत मात्र बोर्ड नीट वाचा, ही माझी कळकळीची विनंती. पुण्यात, कल्याणला, नवी मुंबईत जे सगळं आपल्याला केरळवाल्यांचं चर्च म्हणून एकच वाटतं ते एक नाही. सिरो-मलबार आणि सिरो-मलंकारा म्हणजे कॅथलिकच, विधी वेगळा पण रोमच्याच छत्राखाली, तेव्हा वसईचा कॅथलिक तिथे बिनधास्त जाऊ शकतो. मलंकारा ऑर्थोडॉक्स वेगळं, तिथे आपल्यातल्या कुणालाच नाही, कॅथलिकालाही नाही आणि मलाही नाही. याकोबी, म्हणजे केरळचंच आणखी एक जुनं सिरियन चर्च, त्या लोकांचं अजून वेगळं, त्यांच्या पॅट्रिआर्कनी, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरूंनी, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ मध्ये करार केलाय की आपला धर्मगुरू गाठता येत नसेल तर एकमेकांकडे मागता येईल. आणि मार थोमा चर्चचं सीएनआयशी पूर्ण सख्य आहे, तिथे मी निवांत उठते. एकाच रस्त्यावर, एकाच भाषेत गाणारी पाच चर्चेस, एकात मला चालतं आणि चारात नाही!

सीएनआयवाल्यांसाठी सोपं आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्चेस एकत्र आली, त्यात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, होते, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन आधीच एक झालेले होते, बाप्तिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट, डिसायपल्स. त्याआधी आमच्या नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या वेगळ्या आणि एसपीजी या इंग्रज मिशनच्या अँग्लिकन मंडळ्या वेगळ्या, आणि अँग्लिकनांच्या प्रार्थनापुस्तकात दृढीकरण, म्हणजे बिशपांच्या हातून बाप्तिस्म्याचा विश्वास पक्का करायचा विधी, झाल्याशिवाय किंवा निदान त्याची तयारी असल्याशिवाय मेज नाही असं लिहिलेलं. आजच्या पोरांना हे सांगितलं तर हसतात. आणि केनियात १९१३ ला किकुयू गावी अँग्लिकन आणि इतर मिशनरी एका मेजावर बसले तर झांझिबारच्या बिशपांनी आपल्याच दोन बिशपांवर पाखंडाचा आरोप केला होता, एवढं ते प्रकरण पेटलेलं. ते आठवलं की वाटतं, नागपूरला झालं ते थोडं नव्हतं.

बाकीचं पटकन. मेथडिस्टांकडे मेज साधारण उघडंच. सेव्हंथ डेवाल्यांकडेही पाहुण्यांना चालतं, पण तीन महिन्यांतून एकदा आणि आधी एकमेकांचे पाय धुतात, तेव्हा मोजे फाटके घालून जाऊ नका. मुक्तिफौजेत, म्हणजे साल्व्हेशन आर्मीत, प्रभुभोजनच नाही, प्रश्न मिटला. यहोवाच्या साक्षीदारांकडे वर्षातून एकदाच, आणि तिथे तबक फिरतं पण जवळजवळ कुणीच घेत नाही, तुम्हीही पुढे द्या. ब्रदरन मंडळ्यांत (सीएनआयमध्ये आले ते ब्रदरन वेगळे) उघडे आणि कडक असे दोन प्रकार, ही फूट १८४८ ची, कडक ठिकाणी तुमच्या मंडळीचं शिफारसपत्र लागतं, ते नसेल तर मागच्या बाकावर बसवतात. पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्यांचं काही सांगता येत नाही, प्रत्येक पास्टरचा आपला नियम, फोन करणं एवढाच उपाय. अमेरिकेत असाल तर सोपं, मिझुरी सिनॉडच्या ल्युथरन चर्चमध्ये बऱ्याचदा त्या दिवशीच्या छापील पत्रकात कुणी घ्यायचं ते दिलेलं असतं, आणि कॅथलिकांच्या मिस्सेच्या पुस्तिकेत त्यांच्या बिशपांची १९९६ ची सूचना छापलेली असते, आत शिरल्यावर गाणी शोधण्याआधी ते पान काढा.

आता करायचं कसं ते. फोन आदल्या दिवशी करा, चर्चच्या दारात नाही आणि रांगेत तर नाहीच नाही, कारण रांगेत फादरांच्या हातात ओस्ती, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची पातळ भाकर, असते, मागे दोनशे माणसं असतात, तिथे ते तुम्हाला ईश्वरज्ञान शिकवू शकत नाहीत. विचारताना मला द्याल का असं विचारू नका, त्याने समोरचा अवघडतो. असं म्हणा, फादर, मी सीएनआयची आहे, उद्या मिस्सेला येणार आहे, कम्युनियनच्या वेळी मी काय करू? मी इतक्या वेळा विचारलंय, एकदाही कुणी तुसडं बोललं नाही.

बसायची जागा नीट निवडा. मधल्या वाटेकडच्या टोकाला बसलात तर सगळा बाक तुमच्या गुडघ्यांवरून जाणार आणि प्रत्येक जण चला ना म्हणणार. भिंतीकडच्या टोकाला बसा, किंवा बाकातून बाहेर येऊन सगळ्यांना जाऊ द्या आणि परत आत बसा, कुणाच्या लक्षातही येत नाही. काही चर्चेसमध्ये हात छातीवर फुली करून पुढे गेलात तर आशीर्वाद देतात, पण सगळीकडे ती पद्धत नाही, तेही फोनवरच विचारा. जिथे तबक हातोहात फिरतं तिथे दोन्ही हातांनी घ्या आणि शेजारच्याला द्या, मान हलवून नको नको करू नका, चहा नाकारल्यासारखं दिसतं.

आपल्या हिंदू मित्रमैत्रिणींसाठी वेगळं सांगावं लागतं आणि इथे घोळ आपल्याच शब्दाने केलाय. कॅथलिक लोक म्हणतात ख्रिस्तप्रसाद. आता मराठी माणसाला लहानपणापासून शिकवलेलं की प्रसाद नाकारायचा नाही, उजव्या हातावर घ्यायचा, कपाळाला लावायचा, घरच्यांसाठी थोडा बांधून न्यायचा. माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण आमच्याकडच्या लग्नात अगदी भक्तिभावाने रांगेत गेली, ओस्ती घेतली आणि सासूबाईंसाठी म्हणून रुमालात गुंडाळली. सेवक धावत आला मागे, ती घाबरून गेली बिचारी. कॅथलिकांसाठी ते ख्रिस्ताचं शरीर आहे, वाटायचा पेढा नाही, त्यामुळे ते बाहेर नेणं त्यांना फार लागतं. चुकून हातात आलंच तर खाऊ नका, खिशात टाकू नका, कुठे ठेवू नका, तसंच फादरांना किंवा सेवकाला परत द्या आणि माफ करा म्हणा, बस. आणि मिस्सेनंतर जे जेवण असतं, आमच्याकडे ज्याला प्रीतिभोजन म्हणतात, ते सगळ्यांना असतं, तिथे संकोच करू नका, दोन्हीच्या नावात भोजन आहे म्हणून एकीने तिथेही हात मागे घेतला होता.

मिक्स्ड लग्न ठरत असेल तर एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा. कॅथलिक चर्चमध्ये मिस्सेशिवाय लग्नाचा विधी असतो, पूर्ण वैध, वाचन, वचनं, अंगठ्या सगळं, फक्त कम्युनियन नाही, आणि एक बाजू प्रोटेस्टंट असेल तर तोच सुचवलाही जातो. आमच्या लग्नात हे कुणाला सुचलं नाही, थाटात मिस्सा झाली, आणि डाव्या बाजूचे माझे सगळे नातेवाईक बसलेले, उजवीकडचे सगळे उठलेले. फोटोग्राफरने नेमका तोच फोटो वरून काढलाय. अल्बममध्ये आहे, बघवत नाही.

आता पाळक आणि पंच मंडळींना दोन शब्द, लहान तोंडी मोठा घास. मेज राखायचा तुमचा हक्क मला मान्य आहे, पण सांगायची वेळ तबक उघडल्यावर नसते. उपासनेच्या सुरुवातीलाच सूचनांमध्ये सांगा. आणि सभासद नसलेल्यांनी घेऊ नये असं तोडून सांगण्यापेक्षा असं सांगता येतं, आमच्या मंडळीच्या रीतीप्रमाणे आज आमचे सभासद भाकर आणि प्याला घेतील, पाहुण्यांनी आमच्यासोबत बसून प्रार्थना करावी आणि नंतर जेवायला जरूर थांबावं. नियम तोच, पण माणूस उठून जात नाही. सेवकांना आधी सांगून ठेवा की रांगेत कुणाला तुमचा बाप्तिस्मा झालाय का असं मोठ्याने विचारायचं नाही. आणि एक राग आहे तो बोलून टाकते, एका मंडळीत वर्गणी थकली म्हणून एका म्हाताऱ्या बाईंच्या पुढून तबक तसंच नेलेलं मी डोळ्यांनी बघितलंय, बाईंनी हात अर्धा पुढे केला होता. त्याला मेज राखणं म्हणत नाहीत, त्याला वसुली म्हणतात.

बदली झाली, दुसऱ्या गावी राहायला गेलात तर निघायच्या आधी पाळकांकडून पत्र घ्या, नाव, बाप्तिस्म्याची तारीख, दृढीकरणाची तारीख, सही, शिक्का. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. नंतर मागितलं की जुने पाळक बदललेले असतात आणि रजिस्टर कपाटात, कपाटाची किल्ली सेक्रेटरीकडे आणि सेक्रेटरी मुंबईला.

दवाखान्याचं मात्र आधीच ठरवा, जवळचं माणूस आयसीयूत असताना कलमं वाचायला वेळ नसतो. पेशंट कुठल्या चर्चचा, त्याच्या पाळकांचा नंबर कुणाकडे, हे घरातल्या दोन जणांना माहीत पाहिजे. कॅथलिक पेशंट असेल तर फादरांना शेवटच्या घटकेपर्यंत थांबवून ठेवू नका, घास गिळता येतोय तोवर बोलवा.

आईचं सांगायचं राहिलं. गेल्या वर्षी भाचीचा ख्रिस्तप्रसाद झाला. या वेळी मी आठ दिवस आधी सगळं समजावलं, आई म्हणाली मला सगळं आठवतंय, सारखं सांगू नको. भिंतीकडच्या टोकाला बसली. रांग सुरू झाली तशी तिने पर्समधून आपलं मराठी गीतपुस्तक काढलं, चष्मा लावला आणि वाचत बसली. जाऊबाई घेऊन परत आल्या त्या आपल्या जागेवर गेल्याच नाहीत, आईच्या शेजारी येऊन गुडघ्यांवर बसल्या. आईने पुस्तक थोडं त्यांच्याकडे सरकवलं.